बाहेरून कंपनी फिटिंग, आतून काय? स्टॉक दिसणाऱ्या मसल कारच्या शर्यती आणि नियमांची भांडणं

बिडाचा_मॅनिफोल्ड (धागाकर्ता)

गाड्यांच्या विभागात बहुतेक धागे मायलेज, सनरूफ आणि 'बारा लाखांत कोणती घेऊ' यावरचे असतात. हा त्यातला नाही. जुन्या अमेरिकन मसल कारमध्ये, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या गाड्यांत, रस नसेल त्यांनी खुशाल पुढे जावं.

मी डेट्रॉइटच्या बाजूला राहतो. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत, आयुष्यभर टूलमेकरचं काम केलेले. त्यांच्याकडे १९७० ची ब्यूक जीएस ४५५ स्टेज १ आहे आणि ती ते पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीत पळवतात. मी त्यांचा हेल्पर. टायरची हवा बघायची, पाने हातात द्यायचे, वेळेच्या चिठ्ठ्या वहीत उतरवायच्या.

त्यांचा गट असा की गाडी कारखान्यातून निघाली तशीच, म्हणजे 'स्टॉक' हवी. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारे नळ) बिडाचेच, कार्बोरेटर त्याच नंबरचा, टायर त्या काळच्या मापाचे, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कंपनीच्या मापाचा. पन्नास वर्षांत ब्लॉक झिजतात, म्हणून थोडं बोअर मारायला (सिलिंडर आतून रुंद करायला) परवानगी. ०.०३० इंच बोअर मारलं की ४०० चं इंजिन ४०६ घनइंचांच्या (आपल्याकडे सीसी, तसं इंजिनाचं आकारमान) आसपास जातं. त्यावर कुणी भांडत नाही.

परवा समोर १९६९ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ आली. कागदावर ४०० घनइंच, राम एअर ३ प्रकारचं इंजिन, कंपनीचा आकडा ३६६ हॉर्सपॉवर. गाडी देखणी, एकेक क्लिप जागच्या जागी. आणि शेवटच्या रेषेवर वेग ताशी ११८ मैल! असली गाडी कितीही मन लावून बांधली तरी ११० च्या आसपास जाते, हे त्या मैदानावरचं शेंबडं पोरही सांगेल.

शेजाऱ्यांनी लेखी हरकत घेतली, अनामत भरली. नियमाप्रमाणे हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवून इंजिन खोलायचं, आणि गाडी निर्दोष निघाली तर अनामत मालकाला मिळणार. पण मालक म्हणाला, "हेड उतरवू देणार नाही. मला याच गाडीनं ओहायोला घरी जायचंय." आयोजकांनी मधला मार्ग काढला. एक टॅपेट कव्हर काढलं, डायल गेज लावून व्हॉल्व्हची लिफ्ट, म्हणजे तो किती उंच उघडतो ते, मोजली. बरोबर निघाली. मॅनिफोल्डचे नंबर पाहिले, तेही बरोबर. गाडी पास, निकाल कायम.

शेजारी तेव्हापासून धुमसतायत. त्यांचं म्हणणं, संशय घनइंचांचा असताना लिफ्ट मोजून काय मिळवलंत? माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, ते पुढे लिहीन. आधी तुम्ही सांगा, चूक कुणाची?

तिरपा_डोळा

चूक तुमच्या शेजाऱ्यांची. सत्तरीनंतर माणसानं पत्ते खेळावेत.

नवशिका_८८

दादा, एक बेसिक शंका. दिसायला स्टॉक आणि खरोखर स्टॉक असे दोन वेगळे गट असतात का? मी यूट्यूबवर अशीच जुनी, हबकॅप लावलेली गाडी १० सेकंदांत जाताना पाहिली. ती पण 'स्टॉक' म्हणत होते.

अर्धा_टॉर्क

@नवशिका_८८, इथेच सगळी गंमत आहे. 'स्टॉक' नावाची निदान तीन वेगळी दुकानं आहेत.

पहिलं, एनएचआरएचं (अमेरिकेतली ड्रॅग शर्यतींची संघटना) स्टॉक एलिमिनेटर. हे जुनं आणि अधिकृत. नाव स्टॉक, पण ९ इंची स्लिक (बिननक्षीचे) टायर चालतात, हेडर (मॅनिफोल्डऐवजी मोकळे एक्झॉस्ट पाइप) चालतात. कॅमची लिफ्ट कंपनीचीच हवी, पण ड्यूरेशन मोकळं. म्हणजे व्हॉल्व्ह किती उंच उघडायचा ते कंपनी ठरवणार आणि किती वेळ उघडा ठेवायचा ते तुम्ही. गाडीचं वजन भागिले हॉर्सपॉवर, त्यावरून गट ठरतो. हॉर्सपॉवरचा आकडा एनएचआरए स्वतः लावते. गाड्या ठरलेल्या वेळेपेक्षा फारच लवकर पोचायला लागल्या की त्या इंजिनाचा आकडा वाढवला जातो. माझ्या मते इतका प्रामाणिक नियम दुसरा नाही, कारण तो कुणाच्या प्रामाणिकपणावर विसंबत नाही.

दुसरं प्युअर स्टॉक. मिशिगनमध्येच स्टँटनजवळ मिड-मिशिगन मोटरप्लेक्सवर नव्वदच्या दशकापासून त्यांची मोठी शर्यत होत आली. तिथे आतूनही स्टॉकच्या जवळ राहायचं. पोर्टिंग (हेडमधल्या हवेच्या वाटा कोरणं) नाही, कॅम कंपनीच्या मापाचा.

तिसरं एफएएसटी, म्हणजे फॅक्टरी अपिअरिंग स्टॉक टायर. तू पाहिलीस ती गाडी बहुधा यातली. बाहेरून कंपनीची दिसली पाहिजे, टायर त्या काळच्या मापाचे बायस-प्लाय (जुन्या पद्धतीचे, तिरप्या थरांचे), बाकी आत जवळपास सगळं मोकळं. मोठी क्रँक (पिस्टन वरखाली हलवणारा दांडा) टाका, हेडचे पोर्ट कोरा, काय हवं ते करा. त्या गाड्या १० सेकंदांत जातात, तेही त्या लाकडी टायरवर! मला वैयक्तिक विचारशील तर खरी कारागिरी इथे दिसते.

धागाकर्त्याची शर्यत दुसऱ्या प्रकारातली आणि समोरची जीटीओ तिसऱ्या प्रकारातून वाट चुकून आलेली, असं दिसतंय.

आरएक्स_कोल्हापूर

हे आमच्याकडचंच की राव. टाकीवर आरएक्स १००, पासिंग आरएक्स १००, आणि ब्लॉक १३५ चा. ९८ सीसीच्या गटात १३२ सीसी पळतंय. विचारलं की म्हणतात, "भावा, ट्युनिंग हाय."

अर्धा_टॉर्क

आरएक्सच्या ब्लॉकवर निदान नजर टाकली तर जाणकाराला कळतं. पाँटिअ‍ॅकमध्ये तेवढंही नाही. ३२६, ३५०, ३८९, ४००, ४२१, ४२८, ४५५ ही सगळी इंजिनं बाहेरून सारखीच. उंची तीच, रुंदी तीच. शेव्हर्लेच्या बिग ब्लॉकचंही तसंच, ३९६, ४२७, ४५४ शेजारी ठेवा आणि ओळखून दाखवा.

आता कुणी म्हणेल, ब्लॉकवर ओतीव नंबर असतो की. असतो. आणि तो ४०० चाच असतो, कारण ब्लॉक खरोखरच ४०० चा असतो! मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.१२ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३.७५. बोअर ०.०३५ नं वाढवून ४.१५५ करा, क्रँक ४.२५ इंच स्ट्रोकची टाका. ४६१ घनइंच. हे किट बाजारात सर्रास मिळतं. सगळे नंबर खरे, गाडी खोटी.

पेट्रोलपंप_मामा

तुमच्या शेजाऱ्यांना एक विचारा. स्टेज १ चा कंपनीचा आकडा किती? ३६०. साध्या ४५५ चा किती? ३५०. मोठे व्हॉल्व्ह दिले, कॅम बदलला, कार्बोरेटरची सेटिंग बदलली आणि वाढले किती, तर १०! बिलावरचा आकडा खोटा असलेली गाडी घेऊन दुसऱ्याच्या आकड्यावर हरकत घेणं जरा मजेशीर आहे.

त्या काळात सगळ्यांनी हेच केलं. शेव्हर्लेचं एल८८, कॉर्व्हेटमधलं ४२७, आकडा ४३०. त्याच्याहून सौम्य एल७१ चा आकडा ४३५. म्हणजे जास्त दांडगं इंजिन कागदावर पाचनं कमी. फोर्डचं ४२८ कोब्रा जेट कागदावर ३३५, खरं ४०० च्या वर. १९६८ च्या फेब्रुवारीत पोमोनाच्या विंटरनॅशनल्सला कोब्रा जेट मस्टँग उतरल्या आणि अ‍ॅल जोनिएकनं सुपर स्टॉक गट जिंकला, तेव्हा ३३५ वर कुणाचा विश्वास राहिला असेल?

कारणं तीन. विमा कंपन्या आकडा बघून हप्ता वाढवायच्या. जनरल मोटर्समध्ये आतला दंडक होता, दर हॉर्सपॉवरमागे निदान १० पौंड वजन हवं. आणि तिसरं, शर्यतीत गट वजन भागिले आकडा असा ठरायचा, म्हणजे आकडा जितका लहान तितका गट सोपा. त्यातलं जनरल मोटर्सचं प्रकरण तर विनोदी आहे. त्यांच्याच पाँटिअ‍ॅकचं तेच ४०० इंजिन जीटीओत ३६० आणि फायरबर्ड या दुसऱ्या गाडीत ३२५. फरक काय, तर कार्बोरेटरच्या लिंकेजवर एक पत्र्याचा कान होता, तो थ्रॉटल पूर्ण उघडू देत नसे. गिऱ्हाईक गाडी घरी नेऊन पकडीनं कान वाकवायचं. आता मला सांगा, तुमच्या प्युअर स्टॉकच्या शर्यतीत कान वाकवलेली फायरबर्ड स्टॉक की बिनस्टॉक?

तिरपा_डोळा

@पेट्रोलपंप_मामा, हा प्रश्न सुप्रीम कोर्टात न्यावा.

बिडाचा_मॅनिफोल्ड

मामा, स्टेज १ वरचा टोमणा शेजाऱ्यांना वाचून दाखवला. हसले, पण थोडेच.

तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि माझ्या म्हणण्याच्या तो जवळच येतो. 'कंपनीनं दिलं तसं' याला आधार धरलं तर तो आधारच डळमळीत. कंपनीनं छापलेला आकडा खोटा, आणि पत्रकारांना दिलेली गाडी वेगळीच. १९६४ च्या मार्चमध्ये कार अँड ड्रायव्हर मासिकानं जीटीओची चाचणी छापली, फेरारी जीटीओशी तुलना म्हणून. ती गाडी पुरवणारे पाँटिअ‍ॅकचे जाहिरातवाले जिम वँगर्स. आत ३८९ नव्हतं, ४२१ होतं, हे त्यांनीच पुढे सांगितलं. बॉनेट उघडून बघणाऱ्यालाही कळलं नसतं, अर्धा_टॉर्क यांनी वर लिहिलंय त्याच कारणानं. थोडक्यात, 'स्टॉक दिसणारी' जीटीओ हा प्रकार गाडीच्या पहिल्याच वर्षी खुद्द कंपनीच्या जाहिरातवाल्यानं सुरू केला.

म्हणून 'स्टॉक म्हणजे काय' या वादात मला पडायचंच नाही. माझा प्रश्न एवढाच, की मैदानावर, इंजिन न खोलता, काय तपासता येतं? तेवढाच नियम ठेवा. बाकीचं पुस्तकातून काढून टाका.

चारचौघात

काढून टाका म्हणजे? पोर्टिंग तपासता येत नाही म्हणून पोर्टिंगला मोकळीक? मग ज्याच्याकडे पैसा तो जिंकणार. नियमाचा धाक तरी राहू दे. निम्मे लोक नियम आहे म्हणूनच पाळतात, पकडले जाऊ म्हणून नाही.

गेज_आणि_मी

मी गाड्यांची शौकीन नाही, नवऱ्यानं धागा दाखवला. चाकणला क्वालिटीत आहे, त्यामुळे तोंड उघडल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याकडे ड्रॉइंगवर असं माप लिहून आलं की जे मोजायला गेजच नाही, तर पहिला फोन ड्रॉइंगवाल्याला जातो. 'तुम्ही मोजणार कसं होतात?' तुमच्या आयोजकांनी जे केलं ते मी रोज बघते. जे मोजायला पाहिजे ते मोजायचं साधन नाही, म्हणून जे साधन हाताशी आहे त्यानं भलतंच मोजायचं आणि शिक्का मारायचा. रिपोर्ट छान दिसतो.

@चारचौघात, धाकाचं म्हणाल तर धाक फक्त सरळ माणसाला बसतो. तो मागे राहतो आणि शेवटी शर्यत सोडून जातो. राहतात कोण?

घनइंच इंजिन न खोलता मोजायचं साधन खरंच नाही का? पंपासारखं काहीतरी असणार.

अर्धा_टॉर्क

@गेज_आणि_मी, ताई, अगदी पंपच! पी अँड जी नावाचं यंत्र आहे, अमेरिकेत शर्यतींच्या तपासणीत कित्येक वर्षं वापरतात. स्पार्क प्लग काढायचा, त्या भोकाला नळी जोडायची, त्या सिलिंडरचे रॉकर ढिले करायचे म्हणजे व्हॉल्व्ह बंद राहतात, आणि स्टार्टरनं इंजिन फिरवायचं. पिस्टन जेवढी हवा ढकलतो तेवढा पारदर्शक नळकांड्यातला दट्ट्या वर जातो. आकडा वाचा, आठनं गुणा. ४०० च्या इंजिनात एका सिलिंडरला ५० घनइंच यायला हवेत, ४६१ मध्ये ५७ च्या वर. एवढा फरक चष्मा न लावता दिसतो.

कॉम्प्रेशनसाठी (सिलिंडरमधलं मिश्रण किती दाबलं जातं त्यासाठी) दुसरं यंत्र, कटेक कंपनीचं व्हिसलर. पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून शिट्टी वाजवायची, आतल्या पोकळीच्या घुमण्यावरून आकारमान कळतं, त्यावरून कॉम्प्रेशन रेशो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखंच तत्त्व.

आणि तिसरं, सगळ्यात स्वस्त साधन: लोहचुंबक. अ‍ॅल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्ड (हवा आत नेणारा) बिडाच्या रंगात रंगवून आणणारे महाभाग आहेत.

बिडाचा_मॅनिफोल्ड

बरोबर. आणि त्या मैदानावर पंप नव्हता, हेच माझं दुखणं. जीटीओवाला खोटा की खरा हे मला माहीत नाही. तो म्हणतो त्यात तथ्य आहे, हेड उतरवलं की गॅस्केट गेलं, अख्खा दिवस गेला, घर चारशे मैलांवर. खोलायचं नाही म्हणाला म्हणून चोर ठरवता येत नाही. आणि पास झाला म्हणून साव ठरला असंही नाही.

आता ११८ चं बघू. हिशेबाचं जुनं सूत्र आहे: वेग भागिले २३४, त्याचा घन, गुणिले वजन. गाडी ड्रायव्हरसकट ३,८५० पौंड धरली तर ११० मैलांना साधारण ४०० हॉर्सपॉवर निघते. ११८ ला ४९४. वेग ८ मैलांनी वाढला, ताकद जवळजवळ चौथ्या हिश्श्यानं. घनाचा हिशेब असतो तो असा. बिडाच्या मॅनिफोल्डमधून, कंपनीच्या कॅमवर ४०० च्या इंजिनातून ४९४ काढून दाखवणाऱ्याला मी जेवायला घालीन.

वाऱ्याची_दिशा

सूत्र ठीक आहे पण पुरावा म्हणून लंगडं. थंड कोरड्या दिवशी गाडी जास्त पळते. पाठीमागून वारा असेल तर दोन-तीन मैल तिथेच. वजन तुम्ही 'धरलं' आहे, काट्यावर केलंत का? ३,६०० असेल तर?

बिडाचा_मॅनिफोल्ड

@वाऱ्याची_दिशा, वजन काट्यावर झालं होतं, तो आकडा त्यातलाच. वाऱ्याचं म्हणाल तर ब्यूक शेजारच्याच लेनमध्ये होती आणि तिला तोच वारा होता. ती नेहमीपेक्षा वेगळी गेली नाही.

पण सूत्राच्या आधारावर कुणाला बाद करू नये, हे मान्य. सूत्रावरून फक्त कुणाला पंप लावायचा ते ठरवावं.

तिरपा_डोळा

नॅसकारवाल्या (अमेरिकेतली ट्रॅकवरची मोटार शर्यत) स्मोकी युनिकची गोष्ट कुणीच कशी नाही सांगितली? टाकीचं माप नियमात होतं, पेट्रोलच्या नळीचं नव्हतं. म्हणून या पठ्ठ्यानं ११ फूट लांब, २ इंच जाड नळी बसवली आणि त्यात ५ गॅलन पेट्रोल जास्त भरलं. नियमात राहून चोरी. मानलं बुवा.

गेज_आणि_मी

११ फूट म्हणजे १३२ इंच. २ इंच व्यास, त्रिज्या १. आकारमान ४१५ घनइंच. गॅलनला २३१ घनइंच. १.८ गॅलन होतात. ५ कुठून आले?

तिरपा_डोळा

ताई, तुम्ही लग्नात पण आहेराची पाकिटं मोजत असाल.

अर्धा_टॉर्क

😄 कमाल हिशेब. ही गोष्ट मी इतक्या वेळा वाचलीय आणि एकदाही नळीचं आकारमान काढलं नाही.

विषयाला धरून: पंप घनइंच सांगेल, व्हिसलर कॉम्प्रेशन सांगेल. पण मॅनिफोल्ड? एक्सट्रूड होन नावाची प्रक्रिया आहे, पॉलिश पेपरसारखी खरखरीत लापशी दाबानं मॅनिफोल्डमधून ढकलतात. आतलं बीड खरवडलं जातं, वाट रुंद आणि गुळगुळीत होते. बाहेरून नंबर, रंग, गंज, सगळं जसंच्या तसं. हे मैदानावर कसं पकडणार? जुन्या काळी आम्लानं पोर्ट खायचे, तेही असंच. इथे धागाकर्त्याचं तत्त्व लावलं तर खरवडलेला मॅनिफोल्ड मोकळा करावा लागेल. चालेल शेजाऱ्यांना?

बिडाचा_मॅनिफोल्ड

त्यांना नाही चालणार. मला चालेल. यावरून आमचं गॅरेजमध्ये रोज वाजतं.

माझी बाजू सांगतो. मॅनिफोल्ड खरवडून जे मिळतं त्याला मर्यादा आहे, कारण शेवटी ते बिडाचं, त्याच आकाराचं, तशाच वळणाचं राहतं. घनइंच ६० नं वाढवून जे मिळतं ते वेगळ्याच इयत्तेतलं. सगळ्याला एकच फूटपट्टी लावून 'स्टॉक नाही म्हणजे नाही' म्हणणारे नियम मला भंपक वाटतात. मोठी चोरी पकडा, लहानशी नियमातच बसवून टाका. नाही तर होतं काय, की लहान चोरी करणारे शंभर जण असतात, आणि मोठी चोरी करणारा त्यांच्या गर्दीत उभा राहून म्हणतो, सगळेच करतात.

पेट्रोलपंप_मामा

टायरबद्दल कुणी बोललंच नाही. खरी भांडणं तिथे होतात. त्या काळच्या मापाचे टायर आज नवे बनवून मिळतात, गुडइयर पॉलीग्लासचे, फायरस्टोन वाइड ओव्हलचे. रुंदी बेताची, रबर कडक, ५०० फूट-पौंडांचा टॉर्क त्यांना झेपत नाही. म्हणून कुणी रात्री टायरला औषध चोळून रबर मऊ करतं, कुणी ट्रेड छाटून आणतं. वास येतो म्हणे. तपासनीस नाक लावून टायर हुंगतोय हे दृश्य मला बघायचंय.

पण गंमत बघा, टायर हाच या गाड्यांचा खरा लगाम आहे. एफएएसटीवाल्यांनी आत सगळं मोकळं सोडलं आणि फक्त टायर बांधून ठेवला. ६०० हॉर्सपॉवर असली तरी पहिल्या ६० फुटांत चाकं नुसती धूर काढणार. एक्सलरेटरवर पाय कसा ठेवायचा हे ज्याला कळतं तोच जिंकतो. टायर सगळ्यांना दिसतो, मोजता येतो, हुंगताही येतो. धागाकर्त्याला हवा तसाच नियम आहे हा.

नवशिका_८८

मग शेजारीकाकांनी सरळ एफएएसटीत जावं ना?

बिडाचा_मॅनिफोल्ड

@नवशिका_८८, तिथे जायचं तर इंजिनात इतका पैसा ओतावा लागतो की काकू घराबाहेर काढतील. शिवाय त्यांना तेच इंजिन हवंय जे १९७० साली ब्यूकनं फ्लिंटमध्ये बांधलं. हा हट्ट मला पटतो.

चारचौघात

मला एक कळत नाही. बक्षीस किती असतं? ट्रॉफी आणि टोपी? त्यासाठी अनामत भरून समोरच्याचं इंजिन खोलायला लावायचं?

स्टँटनच्या शर्यतीत जोड्या लावायची पद्धत वेगळी आहे ना? सगळ्यांच्या वेळा आधी घेतात आणि ज्यांच्या वेळा एकमेकांच्या सगळ्यात जवळ त्यांची जोडी लावतात, तीनपैकी दोन जिंकायच्या. मग समोरचा ४०० चा असो की ४६१ चा, तुमच्यासमोर तुमच्याच वेगाची गाडी येणार. चोरी केलेल्याला समोर तितकीच जोरदार गाडी मिळणार. भांडण मिटलं.

अर्धा_टॉर्क

@चारचौघात, ही पद्धत मला फार आवडते आणि तिथे वातावरण मैत्रीचं राहण्यामागे तिचा मोठा हात आहे. पण पूर्ण मिटत नाही. लोक आधीच्या फेरीत मुद्दाम हळू चालवतात, सोपी जोडी मिळवतात आणि खऱ्या शर्यतीत सोडतात. आणि यादीत सगळ्यात वर कोण, सगळ्यात वेगवान स्टॉक जीटीओ कुणाची, हा मान उरतोच. ट्रॉफी दहा डॉलरची असेल हो, पण ती यादी पुढची कित्येक वर्षं लोक तोंडपाठ म्हणतात. गाडी विकताना किंमतही त्यावर चढते.

आरएक्स_कोल्हापूर

हितं तर टोपी बी मिळत न्हाई, तरी डोकी फुटत्यात.

वाऱ्याची_दिशा

लोणावळ्याला अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन ही ड्रॅग शर्यत बघायला गेलो होतो. तिथेही स्टॉक गटात उभ्या असलेल्या गाड्यांकडे बघून प्रेक्षकांत हेच चालू होतं, 'याचा रीमॅप झालाय'. आता तर लॅपटॉप जोडून पाच मिनिटांत हॉर्सपॉवर वाढते आणि पाच मिनिटांत परत मूळ सॉफ्टवेअर. पंप लावून काय सापडणार? तुमच्या जुन्या गाड्यांचं बरं आहे, चोरी करायला निदान क्रँक उचलावी लागते.

बिडाचा_मॅनिफोल्ड

अपडेट. शेजारी आणि मी मिळून आयोजकांना चिठ्ठी दिली. सारांश असा:

हरकत आली किंवा गाडीचा वेग तिच्या वजनाच्या आणि घनइंचांच्या मानानं फार वाटला, की पंप. हेड उतरवायची सक्ती रद्द. पंप मान्य नसेल तर गाडी बाद नाही, पण त्या दिवसाची वेळ यादीत लागणार नाही. मॅनिफोल्डच्या आतल्या कामाबद्दलचं कलम मी काढा म्हटलं, शेजारी ठेवा म्हणाले. चिठ्ठीत दोन्ही मतं लिहिली, दोन सह्या, दोन रंगांची शाई.

जीटीओवाल्यालाही एक प्रत पाठवली. त्याचं उत्तर आलं, "पंप आणा, मी प्लग काढून देतो. हेडला हात लावायचा नाही." आता यावरून काय समजायचं ते समजा. शेजारी म्हणतात, तोवर त्यानं दुसरं इंजिन बसवलेलं असेल.

पेट्रोलपंप_मामा

पंपाचे पैसे कोण देणार?

बिडाचा_मॅनिफोल्ड

आयोजक निम्मे द्यायला तयार आहेत. उरलेले प्रवेश फीवर चढवणार. मतदान जानेवारीतल्या बैठकीत.

गेज_आणि_मी

दोन गोष्टी चिठ्ठीत घाला. एक, पंप दर वेळी आधी माहीत असलेल्या मापावर तपासायचा, सगळ्यांसमोर. ब्यूकवरच तपासा, म्हणजे कुणी बोलायला नको. दोन, कोणतं सिलिंडर मोजायचं ते हरकत घेणाऱ्यानं ठरवायचं, गाडीमालकानं नाही.

अर्धा_टॉर्क

दुसरा मुद्दा महत्त्वाचा. फक्त ब्यूक असो वा पाँटिअ‍ॅक, मागच्या सिलिंडरचा प्लग फायरवॉलशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याशी) इतका अडचणीत असतो की हरकत घेणाऱ्यानं तेच निवडलं तर काढायला पण त्यालाच लावा.